गुहेतली विचित्र माणसं आणि एक तुटलेली नळी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मुख्य भाग देते.

गेल्या सुट्टीत त्या आणि त्यांचे पती चुनखडीची एक मोठी गुहा बघायला गेले होते. आत एकट्यानं जाता येत नाही, गाइडबरोबर गटानंच जावं लागतं. गट चौदा जणांचा होता आणि फेरी दीड तासाची. ‘किती महिने या दिवसाची वाट बघत होते,’ त्या लिहितात, ‘पण वाट्याला माणसं आली ती एकेक नमुना.’ एक गृहस्थ पायऱ्या मोठ्यानं मोजत चालले होते आणि गाइड थांबला की डोळे मिटून, भिंतीजवळ कान नेऊन उभे राहत होते. एक आजी हातातल्या कापडी पिशवीशी हळू आवाजात बोलत होत्या. आणखी एक जण गाइडच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवत होते. ‘सगळ्यांत खोल दालनात गाइडनं दिवे बंद केले. मिट्ट काळोख. त्या काळोखात कुणीतरी घुमल्यासारखा एक लांब सूर लावला. माझा श्वासच अडकला. मी ओरडले, “अहो, बंद करा ते!” सूर तिथल्या तिथे थांबला. दिवे लागले तेव्हा कळलं, ते पायऱ्या मोजणारेच गृहस्थ होते. पुढे ते सगळ्यांच्या मागून चालत राहिले. पायऱ्या मोजणंही थांबलं.’

पतींचं म्हणणं, तू उगाच ओरडलीस. यांचं म्हणणं, पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते, मग माझ्याच अनुभवाची माती का व्हावी? ‘तरी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही,’ असंही त्या लिहितात. गटात एक चौकोनी कुटुंब मात्र त्यांना फार आवडलं. हसतमुख, नीटनेटकं. त्यांनी या दोघांना कठड्याजवळ जागा करून दिली. ‘छत खाली आलं होतं तिथे त्यांच्या मोठ्या मुलानं बोटभर लांबीची एक पांढरी नळी अलगद तोडून आईला दिली, तेव्हा मला हसूच आलं. इतका गोड मुलगा.’

प्रश्न तीन आहेत. माझं चुकलं का? त्या लोकांबद्दल आधीच गाइडकडे तक्रार करायला हवी होती का? आणि पुढच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पुन्हा एका गुहेत जायचं आहे, तेव्हा फक्त आपल्या कुटुंबापुरती वेगळी टूर घ्यावी का?

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात मीही तुमच्यासारखीच त्या मोजणाऱ्या गृहस्थांपाशी अडकले होते. दुसऱ्या वेळी त्या गोड मुलाच्या ओळीवर थबकले, आणि तेव्हापासून ती ओळ माझ्या मनातून गेलेली नाही. तिच्याकडे मी येणार आहे. त्याआधी तुमच्या ओरडण्याबद्दल बोलू, कारण तुम्हाला तेच खातंय.

घाबरण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. गुहेतला काळोख आपल्या ओळखीचा नसतो. घरातले दिवे गेले तर खिडकीतून, दाराच्या फटीतून थोडा तरी उजेड येतो. डोळे सरावतात आणि वीस-तीस मिनिटांत बरंच काही दिसू लागतं. खोल गुहेत उजेडाचा कणही नसतो, त्यामुळे तासभर बसलात तरी डोळ्यांना सरावायला काही मिळत नाही. मग मेंदू आपल्या परीनं रिकामी जागा भरू लागतो. गुहांमध्ये हिंडणाऱ्यांना एक अनुभव चांगला ठाऊक असतो. काळ्याकुट्ट अंधारात स्वतःचा हात डोळ्यांसमोर हलवला की तो हलताना दिसतो, म्हणजे दिसल्यासारखं वाटतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा सुमारे निम्म्या लोकांना संपूर्ण अंधारात आपला हात ‘दिसला’. हात कुठे आहे हे शरीराला माहीत असतं, त्यावरून मेंदू चित्र रंगवतो.

आवाजाचंही तसंच. दगडी भिंतींवरून सूर परततो, पुन्हा आपटतो, पुन्हा परततो, आणि तो कुठून आला हे कानाला सांगता येत नाही. तुमच्यापासून पंधरा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचा सूर तुम्हाला चारी बाजूंनी, कदाचित अगदी मानेजवळून आल्यासारखा वाटला असेल. डोळे बंद पडलेले, कान गोंधळलेले, आणि हा सूर येणार हे कुणी आधी सांगितलेलं नाही. अशा वेळी तोंडातून ओरडणं निघालं तर ती तुमच्या स्वभावाची खोट नव्हे.

पण तुमच्या पत्रात या घाबरण्याला एक जोड मिळाली आहे. ‘हा माणूस आधीपासूनच विचित्र वागत होता,’ असं तुम्ही लिहिता. म्हणजे दिवे जाण्यापूर्वी तासभर तुमचं मन त्याच्याविरुद्ध एकेक नोंद करत होतं. पायऱ्या मोजतो, भिंतीजवळ कान नेतो, डोळे मिटतो. काळोखात सूर उमटला तेव्हा भीती त्या सगळ्या नोंदींना जाऊन मिळाली. म्हणून मला विचारावंसं वाटतं, पायऱ्या मोजण्यानं नेमकं काय बिघडलं होतं?

मी स्वतः एकदा गुहेत पायऱ्या मोजत गेले आहे. माझी आई गेली त्याच वर्षी. ती सहल आईच्या आजारपणाआधीच ठरलेली होती. जावं की नाही हे ठरवायची ताकद नव्हती म्हणून गेले. पहिल्या वळणानंतर पाठीमागचा उजेड संपला आणि मला वाटलं, आता मी इथून बाहेर पडू शकणार नाही. मग मी मोजायला लागले. खाली जाताना किती, तेवढ्याच चढल्या की बाहेर. तो आकडा म्हणजे माझ्या हातातली दोरी होती. ओठ हलत होते, कदाचित आवाजही येत असेल. मागच्या बाई दोनदा जोरात सुस्कारल्या, ते मला ऐकू आलं. आकडा चुकेल म्हणून मी मागे वळले नाही.

तुमच्या त्या गृहस्थांचं असंच काही असेल, असं मी म्हणत नाही. त्यांना फक्त मोजायला आवडत असेल. कमी दिसत असेल आणि पुढच्या पायरीचा अंदाज आकड्यावरून घेत असतील. किंवा दगडातून पाणी झिरपल्याचा आवाज ऐकण्यासाठीच ते आले असतील. त्यांच्यामागे एखादी दुःखाची गोष्ट असायलाच हवी, तरच त्यांना माफ करायचं, अशी अट मी घालणार नाही. एखादा माणूस काहीही कारण नसताना भिंतीजवळ कान नेऊन उभा राहू शकतो. पिशवीशी बोलणाऱ्या आजींनाही त्या पिशवीत काय होतं हे कुणाला सांगण्याची गरज नाही.

जमिनीखाली माणसं थोडी वेगळी वागतात, हेही लक्षात घ्या. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ च्या जुलैमध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय राहायला उतरला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच उजाडला होता. जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या मोजदादीतून गळून गेले होते. दीड तासाच्या फेरीत इतकं होत नाही. तरी वेळ, दिशा आणि अंतर यांचं भान सुटल्यासारखं पुष्कळांना वाटतं. कुणी बडबडतं, कुणी गप्प होतं, कुणी जोडीदाराचा हात सोडत नाही, कुणी उगाच हसतं. गाइडला दुरुस्त करत राहणारी माणसंही पुष्कळदा अशीच असतात. माहिती हातात असली की पायाखालची जमीन पक्की वाटते.

त्या दुरुस्ती करणाऱ्यांचा त्रास मात्र खरा होता, तो मी नाकारत नाही. बाकीच्यांचं ऐकणं त्यानं तुटतं. पण तो सोडवण्याचं काम तुमचं नव्हतं. गाइड म्हणजे पाठ केलेलं बोलून दाखवणारा माणूस, असं आपण धरून चालतो आणि मग त्याची बाजू घ्यायला उतरतो. चांगल्या गाइडचं अर्धं काम गट सांभाळण्याचंच असतं, आणि कित्येकांना आपली गुहा अंगणासारखी पाठ असते. अमेरिकेतल्या मॅमथ केव्हमध्ये १८३८ पासून गाइड म्हणून काम करणारा स्टीफन बिशप कायद्यानं गुलाम होता. पाहुण्यांना फिरवता फिरवता त्यानं गुहेचे कितीतरी नवे भाग शोधले आणि स्मरणातून काढलेला त्याचा नकाशा १८४० च्या दशकात छापला गेला. तुमच्या गाइडला त्या सद्गृहस्थांना ‘हे आपण शेवटी बोलू’ म्हणता आलं असतंच. तो म्हणाला नाही, तर फेरी संपल्यावर तुम्ही त्याला एवढं सांगू शकला असतात : आम्हाला तुमचं नीट ऐकायचं होतं, मध्येमध्ये तोडलं गेलं.

आता तो सूर. त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण हे वाचल्यावर तो तुम्हाला वेगळा ऐकू येईल असं वाटतं. फ्रान्समधल्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांमध्ये १९८० च्या दशकात इगोर रेझनिकॉफ हे ध्वनीचे अभ्यासक चालता चालता गळ्यातून सूर काढत हिंडले. गुहा कुठे प्रतिसाद देते आणि कुठे मुकी राहते याची त्यांनी नोंद ठेवली. त्यांना आणि त्यांचे सहकारी मिशेल दोव्हा यांना असं आढळलं की जिथे गुहा जास्त घुमते, तिथे भिंतीवर चित्रंही जास्त आहेत. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, आजही होतात. पण दक्षिण जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची एक बासरी सापडली, ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी आहे. माणूस गुहेत सूर लावत आला आहे. तुमच्या गटातल्या त्या माणसाला, भिंतीजवळ कान नेणाऱ्या त्या माणसाला, काळोखात गुहेचं उत्तर ऐकायचं असेल. मला तर ते फार समजण्यासारखं वाटतं.

आणि तरीही, न विचारता त्यानं तो सूर लावायला नको होता. चौदा अनोळखी माणसं काळोखात उभी आहेत, त्यातलं कोण कशाला घाबरतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याची एवढी चूक मी धरते. ‘एक सूर लावून बघू का?’ असं गाइडला आधी विचारलं असतं, तर तुम्हीही कान टवकारून थांबला असतात.

मग तुमचं काय चुकलं? ओरडण्यात नाही, ते मी वर म्हटलंच. माझ्या मते चुकलं ते दिवे लागल्यानंतरच्या दहा सेकंदांत. ‘माफ करा, मी फार दचकले’ एवढं बोलायची जागा तिथे होती. तुम्ही ते बोलला नाहीत, कारण तुम्हाला तेव्हाही वाटत होतं की तो विचित्र आहे आणि आपण बरोबर आहोत. तो मागे राहिला, मोजायचा थांबला. तुमच्या डोळ्यांसमोरून जात नाही तो हाच चेहरा. त्याला आता शोधू नका, गुहेच्या व्यवस्थापनाकडे त्याचा पत्ता मागू नका. अनोळखी माणसाला गाठून माफी मागणं त्याच्यासाठी आणखी एक ओझं ठरू शकतं. पुढच्या वेळी कुणावर असं ओरडलात तर दिवे लागताच बोलून टाका.

आता त्या नळीकडे येते.

गुहेच्या छतातून पाण्याचा थेंब लोंबतो. त्यात चुनखडीतून विरघळून आलेलं खनिज असतं. थेंब लटकलेला असताना त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि थेंबाच्या कडेला खनिजाची बारीकशी कडी उरते. थेंब पडतो. पुढचा थेंब त्याच कडीवर येतो, आणखी एक कडी ठेवतो, पडतो. कडीवर कडी साचत थेंबाच्या जाडीची पोकळ नळी तयार होते आणि पाणी तिच्या आतून वाहत राहतं. वाढीचा वेग गुहेगुहेत फार बदलतो. सर्वसाधारण हिशेब सांगतात तो हजार वर्षांना दहा सेंटिमीटरच्या आसपासचा. बोटभर लांबीची नळी म्हणजे काही शतकं. ती त्या गोड मुलानं अलगद तोडली आणि तुम्हाला हसू आलं.

मैत्रिणी, हे मी तुम्हाला लाजवण्यासाठी लिहीत नाही. मुलाचाही मला राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. मला अस्वस्थ केलं ते हे की तुमच्या पत्रात तीन माणसं ‘विचित्र’ आहेत आणि त्या तिघांनी गुहेचं काहीही बिघडवलं नाही. भिंतीजवळ कान नेणाऱ्यानं भिंतीला हात लावला, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांनी बिघडवलं ते तुम्हाला आवडले, कारण ते तुमच्या-माझ्यासारखे दिसत-वागत होते. तुमची तक्रार करण्याची सगळी ताकद पायऱ्यांच्या आकड्यांवर खर्च झाली आणि नळी तुटली तेव्हा तिच्यासाठी काही उरलं नाही.

गुहांचं नुकसान फार वेळा अशाच साध्या, चांगल्या माणसांच्या हातून झालं आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली आपलं नाव कोरून ठेवणारा जॉन स्मिथ हा अधिकारी त्याच्या काळात सभ्य गृहस्थच समजला गेला असेल. फ्रान्समधली लास्को गुहा तर कुणी काही तोडल्यामुळे बंद झाली नाही. १९४० साली सापडलेली तिथली आदिमानवाची चित्रं बघायला युद्धानंतर रोज शेकड्यांनी लोक येऊ लागले. ते फक्त श्वास घेत होते. त्या श्वासातली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि अंगची ऊब यांनी भिंती बिघडल्या, शेवाळ धरलं, आणि १९६३ मध्ये गुहा पर्यटकांसाठी बंद करावी लागली. आज लोक बघतात ती तिची प्रतिकृती. अमेरिकेतल्या कार्ल्सबाड केव्हर्न्समध्ये २०२४ मध्ये कुणाच्या तरी हातून चीज लावलेल्या कुरकुरीत खाऊचं एक पाकीट पडलं. आतल्या दमटपणानं तो खाऊ मऊ झाला, त्यावर बुरशी आणि जंतू वाढले, त्यांच्यामागे गुहेतले रातकिडे, कोळी, माशा जमल्या, आणि बुरशी आसपासच्या दगडांवर पसरली. ज्याच्या हातून ते पडलं तो घरी जाऊन ते विसरूनही गेला असेल.

म्हणून गुहेत माणसांकडे बघायचंच असेल तर हातांकडे बघा. बोटांना असलेला तेलकटपणा दगडावर बसला की तिथे पाणी नीट पसरत नाही, खनिज साचत नाही आणि जागा काळवंडते. एका माणसाच्या स्पर्शानं फारसं काही दिसत नाही, पण त्याच वळणावर, त्याच उंचीवर रोज शेकडो हात पडतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे आधीच सांगून ठेवा आणि कारणासकट सांगा. ‘हात लावू नको’ हे नऊ वर्षांचं मूल पाच मिनिटांत विसरतं. थेंबाची आणि कडीची गोष्ट ते विसरत नाही. आत एक हात कठड्यावर आणि दुसरा आईच्या हातात, असं खेळातलं काहीतरी ठरवून टाका. तिला छताकडे बघायला सांगा. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत १८७९ साली मार्सेलिनो दे साउतुओला खाली वाकून जमीन उकरत होते आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, मारियाला, छतावर रंगवलेले रानबैल दिसले. बापलेकीच्या या शोधावर तेव्हाच्या नामांकित विद्वानांनी विश्वास ठेवला नाही, चित्रं बनावट ठरवली. त्यातल्या एमिल कार्तेयाक यांनी १९०२ मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. साउतुओला १८८८ मध्येच गेले होते.

कुणी दगडाला हात लावताना, काही तोडताना दिसलं तर काय बोलायचं हा प्रश्न अवघड आहे, विशेषतः ती माणसं आपल्याशी चांगली वागत असतील तेव्हा. मी अशा वेळी शिकवणीच्या सुरात बोलत नाही. ‘अहो, ते फार नाजूक असतं, शेकडो वर्षांत तयार होतं म्हणे,’ असं हळूच, जणू मलाच नवल वाटतंय अशा आवाजात म्हणते, आणि खरंच मला नवल वाटत असतं. बहुतेक लोक हात मागे घेतात. नाही घेतला तर गाइडला सांगायचं, लगेच, तिथेच. ती चहाडी होत नाही. गाइड त्यासाठीच बरोबर असतो. आणि लहान मूल असेल तर मुलाला नाही, बरोबरच्या मोठ्या माणसाला सांगावं, म्हणजे मूल चारचौघांत ओशाळत नाही.

आणखी एका बाबतीत तुम्ही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं, मुळीच संकोच करू नका. वर मी विचित्र माणसांची बाजू घेतली, पण तिला एक हद्द आहे. कुणी मुद्दाम फार जवळ उभं राहतंय, अरुंद जागेचा फायदा घेऊन अंगाला अंग लावतंय, तुम्ही जागा बदलली की तोही बदलतोय, किंवा पिऊन आलाय, तर त्याच्यामागे काय गोष्ट असेल याचा विचार करत बसायचं नाही. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आणि गाइडच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. कठडा ओलांडणाऱ्या किंवा वाट सोडून आत शिरणाऱ्या माणसाचंही तसंच. तिथे त्याच्या जिवाचा प्रश्न असतो आणि त्याला काढायला जाणाऱ्यांच्याही. मनात शंका आली तर स्वतःला एकच विचारा : हा माणूस मला किंवा गुहेला काही करतोय, की फक्त मला न समजणारं काहीतरी स्वतःशी करतोय? दुसरं असेल तर दोन पावलं पुढे व्हा आणि लवणस्तंभ बघा. त्यासाठीच तर गेला होतात.

वेगळ्या टूरबद्दल मला थोडी द्विधा आहे. मुलीला अंधाराची फार भीती असेल, किंवा तुम्हालाच पुन्हा गटात जायची धास्ती वाटत असेल, तर जिथे अशी सोय आहे तिथे ती जरूर घ्या. गट लहान असला की गाइड मुलांशी निवांत बोलतो, हवं तिथे थांबतो. पण केवळ विचित्र माणसं नकोत म्हणून घेणार असाल तर मी तुम्हाला थांबवेन. मुलगी आईबापाबरोबर नुसती गुहा बघणार नाही, अनोळखी माणसांत कसं वावरायचं हेही बघणार आहे. शिवाय मोठ्या गटात कुणीतरी असा प्रश्न विचारतं, जो आपल्या घरातल्या कुणालाही सुचला नसता. मधला मार्गही आहे. दिवसातली पहिली फेरी घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गट पुष्कळदा लहान मिळतो. तिकीट काढण्याआधी विचारून घ्या, गटात किती माणसं असतात, वाट किती अरुंद आहे, दिवे बंद करून दाखवतात का. शांतता हवी असेल तर शांततेचा नियम असलेलीच जागा निवडता येते. न्यूझीलंडमधल्या वाइटोमोत गुहेच्या छताला चिकटलेल्या प्रकाशणाऱ्या अळ्या बघायला नावेतून नेतात, तिथे गप्प बसायला सांगतात आणि फोटोही काढू देत नाहीत. साध्या गटफेरीत अशी शांतता गृहीत धरता येत नाही. तिकिटात चौदा माणसांचं बोलणं-खाकरणंही आलेलं असतं. ‘सगळ्यांनी सारखे पैसे भरले’ हे तुमचं वाक्य त्या गृहस्थांनाही लागू होतं.

आत शिरण्यापूर्वी पहिल्या दोन मिनिटांत गाइडला बाजूला घेऊन सांगा, ‘मला काळोखाची थोडी भीती वाटते, दिवे बंद करण्याआधी सांगाल का?’ हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही. अशी माणसं त्यांना रोज भेटतात. मग ते तुम्हाला जवळ उभं करतात, काळोख थोडा आवरतात. चालताना गाइडच्या लगेच मागे राहा. बोलणं नीट ऐकू येतं, पुढे कुणाची पाठ नसते आणि मागे काय चाललंय ते निम्मं कळतही नाही. काळोखात पुन्हा भीती वाटली, तर माणसावर ओरडू नका. गाइडला हाक मारून म्हणा, ‘दिवे लावा.’ हे दोन शब्द आजपासून ध्यानात ठेवा. ते कुणालाही लागत नाहीत, आणि कुठलाही शहाणा गाइड ते ऐकून दिवे लावल्याशिवाय राहणार नाही.

आणि एक काम या आठवड्यात करा. त्या गुहेच्या व्यवस्थापनाला चार ओळी लिहा. कुणाचं वर्णन नको, कुटुंबाचा उल्लेखही नको. तारीख, फेरीची वेळ आणि ती जागा, जिथे छत हाताला लागेल इतकं खाली येतं आणि पांढऱ्या नळ्या आहेत. तिथे एक नळी तुटताना तुम्ही पाहिली एवढंच कळवा. तिथे एखादी जाळी लावता येते, कठडा दोन हात सरकवता येतो, किंवा गाइड त्या वळणावर आधीच सूचना देऊ शकतो. हे तुम्ही केलंत तर मनातली टोचणी जरा सैल होईल. ती नेमकी कशाबद्दल आहे, हेही कदाचित लिहिता लिहिता तुमच्या ध्यानात येईल.

मुलीला त्या काळोखाबद्दल आधी नक्की सांगा, अचानक दिवे गेले असं होऊ देऊ नका. दिवे गेले की तिला कठडा घट्ट धरायला सांगा आणि दुसरा हात डोळ्यांसमोर हळूहळू हलवून बघायला सांगा. तिला तो दिसला का, मला लिहून कळवा.